उसगाळीमळचा चक्रव्यूह कोणी कोरला? नववीच्या एका प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

प्रकल्पाच्या वहीच्या पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिले होते: ‘उसगाळीमळचा चक्रव्यूह परग्रहावरच्या प्रगत जीवांनी कोरला.’ वाक्यापुढे प्रश्नचिन्ह नव्हते. नववीतली तीन मुले, एक मुलगी आणि दोन मुलगे, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हा विषय घेऊन माझ्या टेबलापाशी उभी होती. मुलीचे आजोळ गोव्यातल्या रिवणच्या बाजूचे, उसगाळीमळजवळ. गणेशचतुर्थीला ती तिकडे गेली होती, मामाने कोरीव कातळ दाखवायला नेले आणि परतताना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्या व्हिडिओत एक धीरगंभीर आवाज सांगत होता की इतक्या जुन्या काळी इतकी अचूक वर्तुळे माणसाच्या हातून होणे शक्य नाही.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितो आहे, कारण असा विषय समोर आला की आम्ही शिक्षक दोनच गोष्टी करतो. एक तर ‘असले काही आणू नका’ म्हणून तो परत करतो, नाही तर ‘मुलांची हौस आहे’ म्हणून थर्माकोलच्या उडत्या तबकडीसकट जाऊ देतो. दोन्हीकडे मुलाच्या हाती काही लागत नाही. आणि या विषयाच्या तळाशी जो प्रश्न आहे, विश्वात आपल्याहून प्रगत बुद्धिमान जीव आहेत का, तो मला स्वतःला तिसाहून अधिक वर्षे सतावतो आहे. कॉलेजात असताना पणजीला जुंता हाऊसच्या गच्चीवर दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली, त्या रात्रीपासून. तो प्रश्न मुलांच्या तोंडी आल्यावर मला त्याला हाकलून द्यायचे नव्हते.

आमचे हायस्कूल फोंडा तालुक्यात, इंग्रजी माध्यमाचे. पण बहुतेक मुले चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत शिकलेली असतात. पाठ इंग्रजीत म्हणतात, आपापसात कोकणीत बोलतात आणि मनापासून काही लिहायचे झाले की मराठीत लिहितात. ही वहीसुद्धा मराठीतच होती.

जागा

उसगाळीमळ सांगे तालुक्यात, कुशावती नदीच्या काठाला. काही जण तिला फणसायमळ म्हणतात. जांभ्याच्या सपाट कातळावर शंभरच्या वर आकृत्या आहेत: वळू, हरणे, मोर, एक स्त्री, आणि सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे एकात एक सात वेढे असलेला चक्रव्यूह. पुरातत्त्व खात्याच्या लोकांपर्यंत ही माहिती १९९३ मध्ये पोहोचली. कातळावर साचलेली माती काढली गेली आणि एकेक आकृती उघडी पडत गेली. काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कोणी ती वीस हजार वर्षे किंवा त्याहूनही मागे नेतात, कोणी चार-साडेचार हजार वर्षांपर्यंत अलीकडे आणतात. कोरलेल्या रेघेचे वय काढणे कठीण असते, कारण दगडाचे वय वेगळे आणि त्यावरच्या रेघेचे वेगळे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कातळशिल्पांबरोबर ही जागाही २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. गोव्यातच सत्तरी तालुक्यात म्हाऊसला झर्मे नदीच्या पात्रातही कोरीव वळू आहेत, पण त्यांच्याकडे कोणी फारसे फिरकत नाही.

मुलांचे म्हणणे आणि माझी चूक

वहीत तीन कारणे दिली होती. वर्तुळे इतकी अचूक आहेत की यंत्राशिवाय होणार नाहीत. सात ही संख्या आणि वेढ्यांचा आकार आकाशातल्या दीर्घिकांसारखा आहे. आणि गावात कोणालाच हे कोणी कोरले ते ठाऊक नाही.

मी पहिल्यांदा जे केले ते चुकले. तिघांसमोर, वर्गातल्या आणखी पाच-सहा जणांच्या देखत, मी म्हणालो, “हे सगळे खोटे आहे. असल्या व्हिडिओंवर विश्वास ठेवायचा नसतो.” एक मुलगा खाली मान घालून उभा राहिला. मुलीने वही मिटली, पिशवीत घातली आणि पुढचे दोन दिवस माझ्या तासाला तिने हात वर केला नाही. एरवी तिचा हात सगळ्यांत आधी वर असायचा. ‘खोटे आहे’ असे मी म्हणालो तेव्हा माझ्याकडे तरी पुरावा कुठला होता? मी तोवर उसगाळीमळचा चक्रव्यूह फोटोतच पाहिला होता. व्हिडिओतल्या माणसाने आपल्या आवाजाच्या वजनावर सांगितले, मी माझ्या खुर्चीच्या वजनावर. मुलांच्या बाजूने पाहिले तर दोघांत फरक नव्हता.

स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे, विषय बदलून द्या, सौरचूल करू दे. त्यांची भीती रास्त होती: शाळेच्या नावावर अंधश्रद्धा नको. इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी वेगळा मुद्दा काढला, आणि तो माझ्या मनात घर करून राहिला. त्या म्हणाल्या, “सर, असले दावे नेहमी कोणाच्या कामाबद्दल होतात ते बघा. मिसर, पेरू, मेक्सिको, आणि आता आमची कुशावती. युरोपातल्या मोठ्या चर्चबद्दल कोणी म्हणत नाही की आकाशातून कोणी येऊन बांधले.” खरेच आहे. एरिक फॉन डॅनिकेन या स्विस लेखकाने १९६८ पासून प्राचीन अंतराळवीरांची कल्पना जगभर पसरवली, तेव्हापासून हा ओघ तसाच आहे. कुशावतीकाठच्या त्या माणसांकडे स्वतःचे म्हणून एवढेच उरले आहे, कातळावरच्या काही रेघा. त्याही त्यांच्या हातून काढून घ्यायच्या?

तिसऱ्या दिवशी मी तिघांना बोलावले आणि वही परत मागितली. म्हटले, “विषय हाच ठेवा. एकच अट. आपण चुकलो असे तुम्ही केव्हा मान्य कराल, ते आधी लिहा. सह्या करा. मग तपासायला जाऊ.”

त्यांना हे अवघड गेले. आपले खरे कसे ठरेल हे मुले चटकन सांगतात. आपण खोटे कसे ठरू, हे विचारले की गप्प होतात. मोठ्यांचेही तसेच. चार दिवसांनी मुलीने पान आणून दिले. त्यावर दोन ओळी होत्या: ‘साध्या दगडाने जांभा असा कोरता आला तर आमचे म्हणणे पडले. वर्तुळे जवळून मोजली आणि अचूक नसली तर आमचे म्हणणे पडले.’ खाली तिघांच्या सह्या आणि तारीख. पुढे जे काही झाले ते या दोन ओळींच्या जोरावर झाले.

कातळावर

पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबरात, पालकांची परवानगी घेऊन आम्ही गेलो. फोंड्याहून सावर्डे, तिळामळ, रिवण. वाटेत बंद खाणींची तांबडी टेकाडे. कातळावर पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. ऊन अजून तिरपे होते, आणि तिरप्या उन्हातच या रेघा नीट दिसतात. दुपारी सगळे सपाट होऊन जाते. आकृतींवर पाय द्यायचा नाही, खडूने रेघा गिरवायच्या नाहीत, हे आधीच ठरले होते. पूर्वी कोणी कोणी फोटोसाठी खडू फिरवलेला असतो आणि त्याने रेघ झिजते.

उंच मुलाने काठीला मोबाइल बांधून वरून फोटो घेतला. दुसऱ्याने चक्रव्यूहाच्या कडेला फूटपट्टी ठेवली, फोटोत माप कळावे म्हणून. मुलगी मात्र काहीच करत नव्हती. ती उकिडवी बसून रेघेकडे डोळे लावून होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “सर, ही रेघ थरथरते.”

खाली वाकून पाहिले. वेढ्यांमधले अंतर सगळीकडे सारखे नव्हते. एका बाजूला रेघा जवळ आल्या होत्या, दुसरीकडे लांब. वळणावर रेघ जरा बाहेर गेली होती आणि मग कोणीतरी ती सावरून आत आणली होती. कंपासने काढलेल्या वर्तुळात असे होत नाही. हात फिरतो तेव्हा होते. ज्याने कोणी कोरले त्याचे मनगट तिथे दिसत होते. दुसरी ओळ तिथेच पडली. मी काही बोललो नाही. उंच मुलाने वहीत लिहिले: ‘अचूक नाही.’

पहिल्या ओळीची तपासणी शाळेत झाली. कंपाउंडच्या भिंतीचे जांभ्याचे सहा चिरे उरले होते. ते पाण्याच्या टाकीमागे एकमेकांना लावून मांडले. चिरा खाणीतून ताजा काढला की मऊ असतो, कुऱ्हाडीनेही तासता येतो. हवा लागेल तसा तो कठीण होतो. आमचे चिरे वर्षभर पडून होते, म्हणजे मध्यम. जवळच्या व्हाळातून मुलांनी मुठीत मावतील अशा गारगोट्या आणल्या. डोळ्यांना चष्मा, हातात फडके, आणि ठोक ठोक सुरू. पाऊण तासात वीतभर लांब, बोटाएवढी रुंद आणि नखाएवढी खोल चर तयार झाली. दुसरी गारगोटी पहिलीपेक्षा टोकदार होती, तिने काम लवकर झाले. तिसऱ्या दिवशी मुलांना कळले की सरळ घाव घालण्यापेक्षा तिरपा घालावा, भुकटी आपोआप बाजूला पडते. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. मला वाटते, कातळावरच्या माणसालाही ते असेच कळले असणार.

राहिला सात वेढ्यांचा प्रश्न, आणि तो मुलीनेच सोडवला. मी फळ्यावर जगभर सापडणाऱ्या सात वेढ्यांच्या आकृतीची रीत दाखवली: मधे एक फुली, चार कोपऱ्यांत चार कोन, चार ठिपके, आणि मग टोकाला टोक जोडत कमानी काढत जायचे. ग्रीसमधल्या पिलोस इथे सापडलेल्या इसवीसनापूर्वी १२०० च्या सुमाराच्या मातीच्या पाटीवर हीच आकृती आहे, क्रीटच्या नोसोसच्या नाण्यांवरही आहे. मी अर्ध्यावर असतानाच ती उठली, खडू घेतला आणि पुढच्या कमानी न थांबता पुऱ्या केल्या. “ही ठिपक्यांची रांगोळीच आहे,” म्हणाली. उसगाळीमळची आकृती नेमकी याच रीतीने काढली गेली असा माझा दावा नाही. पण सात वेढे काढायला आकाशातून कोणी यावे लागत नाही, एवढे तिच्या हाताने दाखवून दिले.

तिसरे कारण उरले होते: गावात कोणाला ठाऊक नाही. त्यासाठी ती दिवाळीत पुन्हा आजोळी जाऊन आली होती. आजीने तिला एका वाक्यात उत्तर दिले होते, “तें राखण्यांनी काडलां.” राखणे म्हणजे गुराखी. गुरे चरताना वेळ जावा म्हणून त्यांनी कोरले, असे तिथले लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. मुलीने हे उत्तर वहीत घेतलेच नव्हते. तिच्या मते आजीला काही माहीत नव्हते. चिऱ्यांचे काम झाल्यावर तिने ते वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहिले, आजीच्या बोलीत, जसेच्या तसे. काळ हजारो वर्षांचा असो, गुराखी असोत की शिकारी, आजी मूळ मुद्द्यावर बरोबर होती: आमच्यासारख्याच कोणीतरी हे काढले आहे. इतिहासकार दामोदर कोसंबींचा जन्म आपल्या गोव्यातला, कोसंबे गावचा. जिवंत माणसांच्या चालीरीती आणि गावकुसाबाहेरचे दगड एकत्र वाचायचे, हे शिकवत ते पायी हिंडले. मुलांना मी त्यांच्याबद्दल त्याच दिवशी सांगितले.

“मग ते आहेत की नाहीत?”

इथे प्रकल्प संपला असता. पण कमी बोलणारा जो मुलगा होता, त्याने विचारले, “सर, त्यांनी हे कोरले नाही हे कळले. पण ते आहेत की नाहीत?”

आणि हा प्रश्न चक्रव्यूहाच्या प्रश्नाहून पार वेगळा आहे. एका दाव्याचा पुरावा फोल ठरला म्हणून मूळ गोष्ट खोटी ठरत नाही. मी त्यांना ज्ञात आहे तेवढे सांगितले. आपल्या आकाशगंगेत किमान शंभर अब्ज तारे आहेत. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ मध्ये सापडला, आणि आज इतर ताऱ्यांभोवतीच्या पक्क्या झालेल्या ग्रहांची संख्या ६,००० च्या पुढे गेली आहे. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे, पृथ्वीचे साडेचारशे कोटी. म्हणजे आपली पृथ्वी जन्मण्याआधी शेकडो कोटी वर्षे तारे आणि ग्रह होतेच. १९५० मध्ये अमेरिकेत लॉस अॅलामॉसला जेवणाच्या टेबलावर भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींनी जो प्रश्न टाकला तो यातूनच येतो: इतका वेळ आणि इतकी जागा होती, तर मग सगळे आहेत कुठे?

त्यांना सर्वांत भिडली ती जोसलिन बेल यांची गोष्ट, म्हणून तीच मी सावकाश सांगितली. १९६७ मध्ये केंब्रिजला त्या संशोधक विद्यार्थिनी होत्या. कागदाच्या लांबच लांब पट्ट्यांवर रेडिओ दुर्बिणीची नोंद डोळ्यांनी तपासताना त्यांना एक खूण दिसली: दर १.३३७ सेकंदाला एक ठोका, घड्याळासारखा. निसर्गात असे काही तोवर कोणी पाहिले नव्हते. गमतीने त्याला ‘लहान हिरवी माणसे’ या अर्थाचे नाव पडले. पण त्या आणि त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश तिथे थांबले नाहीत. कोणी ग्रहावरून संदेश पाठवत असेल, तर तो ग्रह आपल्या ताऱ्याभोवती फिरत असणार आणि ठोक्यांच्या वेळेत त्याची चढउतार दिसायला हवी. ती तपासली. पृथ्वीच्या स्वतःच्या फिरण्याची तेवढी दिसली, दुसरी कोणतीच नाही. मग बेल यांना आकाशाच्या निराळ्याच भागात तसाच दुसरा ठोका सापडला. दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या जीवांनी एकाच तऱ्हेने एकाच पृथ्वीला हाक मारावी, हे पटण्यासारखे नव्हते. तो निघाला वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा अतिघन गाभा; त्याला पल्सार म्हणतात. १९७४ चे नोबेल ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळाले, बेल यांना नाही. मुलगी यावर बराच वेळ धुमसत होती. मला ते आवडले.

“त्यांनीपण आधी लिहून ठेवले होते,” उंच मुलगा म्हणाला, “काय दिसले तर पडले ते.” वही त्याच्या हातात होती.

तेव्हापासून हाक ऐकू आल्यासारखे अनेकदा झाले. १५ ऑगस्ट १९७७ ला ओहायोतल्या दुर्बिणीवर ७२ सेकंदांचा जोरकस संकेत आला, पुन्हा कधी आला नाही आणि त्याचा उलगडा आजही पक्का झालेला नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षे सतावणारे काही विचित्र ठोके २०१५ मध्ये उलगडले: तिथले मायक्रोवेव्ह ओव्हन थांबायच्या आत कोणी दार उघडले की ते उमटत. त्याच दुर्बिणीला २०१९ मध्ये सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याच्या, प्रॉक्सिमा सेंटॉरीच्या, दिशेने संकेत मिळाला. २०२१ पर्यंत तपासून तोही माणसाच्याच उपकरणांचा निघाला. आपल्याकडे जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये इस्रोच्या बलूनने हैदराबादहून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा आणवली. तीत सूक्ष्मजीव सापडले. ते इथूनच वर गेले की बाहेरून आले, हा वाद मिटलेला नाही आणि तो मिटलेला नाही असेच सांगितले जाते. हा प्रामाणिकपणा मुलांना दिसावा असे मला वाटत होते.

शोध तरी किती झाला? आकाशात कोणत्या दिशेला, कोणत्या कंपनसंख्येवर, किती वेळ ऐकायचे याचा हिशेब २०१८ मध्ये काही खगोलशास्त्रज्ञांनी मांडला. पृथ्वीवरचे सगळे समुद्र म्हणजे शोधायची जागा धरली, तर आजवर साडेसात हजार लिटरच्या आसपास पाणी तपासून झाले आहे. गच्चीवर असतात तशा हजार लिटरच्या सात-आठ टाक्या. मिरामारला उभे राहून आठ टाक्या पाणी भरून घ्यावे, त्यात मासा मिळू नये, आणि समुद्रात मासेच नाहीत म्हणावे, असे ते होईल.

एक किलोमीटर रस्ता

पण माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा पुढे आहे. तो वर्गात उलगडला नाही, रस्त्यावर उलगडला.

मुले सारखी ‘प्रगत’ आणि ‘बुद्धिमान’ हे शब्द एकाच अर्थाने वापरत होती. म्हणून आम्ही शाळेच्या फाटकापासून एक किलोमीटर रस्ता मोजला. आधुनिक माणूस सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीपासून आहे. ती तीन लाख वर्षे म्हणजे हा एक किलोमीटर, आणि फाटक म्हणजे आज. रेडिओ लहरी आपण धाडू लागलो १८९५ च्या सुमारास, जगदीशचंद्र बोस आणि मार्कोनी यांच्या वेळेपासून. म्हणजे साधारण १३० वर्षे. मुलांनी गणित केले: ४३ सेंटीमीटर. फाटकाच्या खांबापासून खडूने रेघ मारली. शाळेची मोठी पट्टी अर्धीही लागली नाही.

मग उसगाळीमळ कुठे? काळ वादग्रस्त, म्हणून दोन खुणा केल्या: साडेचार हजार वर्षे म्हणजे १५ मीटर, वीस हजार म्हणजे ६७ मीटर. दूरची खूण नारळाच्या बागेच्या कुंपणाशी आली. मुलगी तिथे जाऊन उभी राहिली आणि फाटकाशी उभ्या असलेल्या दोघांना तिने हात केला.

“आता समजा,” मी दोघांना म्हटले, “दहा-बारा प्रकाशवर्षांवरून कोणी त्या काळी पृथ्वीकडे कान लावून बसले असते, तर काय ऐकू आले असते?”

“काही नाही.”

“तिथे बुद्धी नव्हती?”

ते तिच्याकडे पाहत राहिले. तिने नुकतेच सहा चिऱ्यांवर गारगोटी चालवली होती. तिला ठाऊक होते त्या कामाला काय लागते. कातळावरच्या माणसाचा मेंदू आमच्यासारखाच होता. आम्हाला शाळेत घातले तसे त्याला घातले असते तर तोही समीकरणे सोडवू लागला असता. त्याच्या मागे साठलेली पिढ्यांची शिदोरी तेवढी लहान होती. मला वाटते, या विषयातली निम्मी गफलत इथे आहे. आकाश गप्प आहे म्हणून तिथे बुद्धी नाही असे म्हणता येत नाही. एक किलोमीटरपैकी ९९९ मीटर आणि ५७ सेंटीमीटर आपणही गप्पच होतो.

याची दुसरी बाजूही मुलांनीच काढली. ज्याचा आवाज आपल्याला येईल तो आपल्याहून मागे असणे शक्य नाही, कारण मागचा बोलतच नाही. आपण तर नुकते बोलायला लागलेले. दुसरा कोणी नेमका त्याच ४३ सेंटीमीटरच्या आत असण्याची शक्यता फारच थोडी. म्हणून कधी काळी कोणाची हाक आलीच, तर ती आपल्याहून पुढच्यांचीच असणार, बहुधा हजारो किंवा लाखो वर्षांनी पुढच्यांची. ‘ते आपल्याहून प्रगत असतील का’ या प्रश्नाचे उत्तर मी इतक्या सरळपणे कधी मांडून पाहिले नव्हते. असतील का, यावर मात्र माझे मत सावध आहे. पृथ्वीवर जीवन किमान साडेतीनशे कोटी वर्षांपासून आहे, आणि त्यातला बहुतेक काळ ते एकपेशीयच होते. लाखो जाती आल्या-गेल्या, रेडिओ एकाच जातीने बनवला. म्हणून साधे जीवन विश्वात बरेच ठिकाणी असावे आणि बोलणारे जीव फार विरळ, असे मला वाटते. मुलांना मी हे माझे वाटणे म्हणूनच सांगितले, आणि वहीत ते ‘सरांचे मत’ या मथळ्याखाली, पुराव्याच्या पानापासून वेगळे लिहायला लावले.

ते इथे येऊन का गेले नाहीत, याचेही एक गणित झाले. १९७७ मध्ये सुटलेले व्हॉयेजर १ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जाते. प्रॉक्सिमाएवढे, म्हणजे सव्वाचार प्रकाशवर्षांचे, अंतर कापायला त्याला पाऊण लाख वर्षे लागतील. मुलगी लगेच म्हणाली की वीस हजार वर्षांपूर्वी निघालेले अजून वाटेतच असतील. तिचे गणित आमच्या यानापुरते बरोबर होते. प्रगतांचे यान किती वेगाने जाईल ते तिने कंसात ‘माहीत नाही’ असे लिहिले.

डिसेंबरात एका संध्याकाळी सातनंतर पालकांसह आम्ही मैदानावर जमलो. १९६० मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत ग्रीन बँक इथे पहिल्यांदा ज्या दोन ताऱ्यांकडे दुर्बीण वळवून कान लावला, ते दोन्ही तारे आपल्याकडून नुसत्या डोळ्यांनी दिसतात. एक तिमिंगल तारकासमूहात, १२ प्रकाशवर्षांवर. दुसरा मृगाच्या पश्चिमेला, साडेदहा प्रकाशवर्षांवर. दोन्ही मंद आहेत, रस्त्याचा दिवा मालवावा लागला. मुलीची आईही आली होती. तिने विचारले, “यातून काही ऐकू आले का त्यांना?” मुलीने सांगितले, “नाही. पण आई, तेव्हा दोनच तारे ऐकले होते.”

प्रदर्शन

तालुक्याच्या प्रदर्शनात एका परीक्षकांनी मथळा वाचूनच ‘विषय अवैज्ञानिक’ असा शेरा मारला. मथळा मुलांनी तसाच ठेवला होता, फक्त खाली लाल शाईने लिहिले होते: ‘हे आमचे पहिले म्हणणे. ते पडले. कसे पडले ते पुढे पाहा.’ पुढचे त्यांनी पाहिले नाही. मुले खूप दुखावली. मी परीक्षकांना भेटून वही उघडून दाखवली, सह्यांचे पान दाखवले. त्यांनी वेळ नसल्याचे सांगितले. निकाल बदलला नाही. मला याचे आजही वाईट वाटते, कारण त्या सभागृहात ‘आपण चुकलो’ असे लिहून आलेला तो एकच तक्ता होता.

मथळा बदलून द्यायला हवा होता का, असे मला नंतर सहकाऱ्यांनी विचारले. गुणांसाठी हवा होता. तरी पुन्हा वेळ आली तर मी तो तसाच ठेवीन.

वहीच्या शेवटच्या पानावर मुलांनी नवे विधान लिहिले आहे: ‘विश्वात माणसाहून प्रगत बुद्धिमान जीव नाहीत.’ खाली, आधी शिकल्याप्रमाणे, हे केव्हा पडेल ते. एकच संकेत दोन वेगवेगळ्या देशांतल्या दुर्बिणींना मिळाला आणि पुन्हा मिळाला, तर. तो ओव्हनचा, उपग्रहाचा, पल्सारचा नाही हे तपासून झाले, तर. तिसरी ओळ रिकामी सोडली आहे. तिघे आता दहावीत आहेत. मधल्या सुट्टीत टाकीमागून ठोक ठोक ऐकू येते, आठवीची दोन मुलेही त्यांच्यात मिळाली आहेत. सहा चिऱ्यांवर चौथा वेढा पुरा झाला, पाचवा वळणावर आला आहे. पावसात त्यावर शेवाळ धरले होते, ते त्यांनी काथ्याने घासून काढले.